आच वाढवा, कथील घाला आणि देवावर भरवसा ठेवा

काही सल्ले पूर्ण चुकीचे कधीच ठरत नाहीत, आणि म्हणूनच ते कधी मरत नाहीत. 'सर्व्हर रिस्टार्ट करून बघ' हा त्यातला एक. 'आच वाढव आणि थोडं कथील घाल' हा दुसरा. पहिला आपल्या सगळ्यांच्या रोजच्या परिचयाचा. दुसऱ्याची ओळख मला अमेरिकेत आल्यावर झाली, आणि गेले कित्येक शनिवार-रविवार मी त्याच्याशी भांडतोय. आज ते भांडण इथे लिहून काढतो, म्हणजे निदान सोमवारी ऑफिसात तरी डोकं शांत राहील :-)

विषय आडवळणाचा आहे, तेव्हा थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत बरीच मंडळी बंदुकीच्या गोळ्या घरी ओततात. गोळी म्हणजे फक्त पुढचं शिशाचं टोक, अख्खं काडतूस नव्हे. जुनं शिसं गोळा करायचं, गॅरेजमध्ये विजेच्या भांड्यात वितळवायचं, चिमट्यासारख्या दोन दांड्यांच्या धातूच्या साच्यात ओतायचं, गोठलं की साचा उघडायचा आणि गोळी जुन्या टॉवेलवर पाडायची. स्वतःच्या वापरापुरत्या गोळ्या ओतायला तिथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, राज्यांचे नियम वेगवेगळे. आपल्याकडे मात्र १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा सरळसरळ गुन्हा आहे. त्यामुळे हे वाचून कोणी गॅलरीत शेगडी पेटवू नये. मी स्वतः नेमबाज नाही, आणि व्हिसावर राहणाऱ्याला तिथल्या कायद्यानं सहसा बंदूक काय, गोळीही बाळगता येत नाही. माझ्या टीममधले साठीचे एक सहकारी हा उद्योग करतात (त्यांना मी मनातल्या मनात काका म्हणतो). त्यांच्या गॅरेजात मी कढईपाशी नाही, वहीपाशी उभा असतो. थर्मामीटर बघायचा, घड्याळ बघायचं, लिहायचं. थोडक्यात, लॉगिंग.

आता रोग काय ते सांगतो. साचा उघडला की गोळी काठाकाठानं रेखीव दिसायला हवी. त्याऐवजी कधी ती सुरकुतलेली निघते, आंघोळ लांबल्यावर बोटं होतात तशी. कधी अंग गुळगुळीत पण कडा गोल, साबणाची वडी वापरून झिजल्यासारखी. कधी बुडाला खळगा. याला सरसकट 'साचा भरला नाही' असं म्हणतात. आणि यावर कोणाही अनुभवी माणसाला विचारा, उत्तर ठरलेलं: आच वाढव. तरी नाही जमलं तर कथील घाल. तरी नाही जमलं तर आणखी आच वाढव.

माझं म्हणणं साधं आहे. हा सल्ला म्हणजे निदान नाही, नवस आहे. आणि हा नवस फेडायची किंमत फक्त चार वाया गेलेल्या गोळ्या एवढीच नसते.

आधी बघू की साच्यात होतं काय. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब कसा गोल होऊन बसतो, पान भिजवायचं नावच घेत नाही! ते पृष्ठताणाचं काम. वितळलेल्या शिशाचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे सहापट. साच्याचा धातू त्याच्यासाठी अळूचं पानच असतो, चिकटायला तो तयार नसतो. (आणि नसलेलाच बरा, नाहीतर गोळी बाहेर निघणार कशी?) म्हणजे साच्याच्या काटेकोर कोपऱ्यात घुसायला शिशाला स्वतःहून काडीची इच्छा नसते. त्याला तिथे ढकलावं लागतं. हाच गुणधर्म १७८२ साली ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सनं उलट्या बाजूनं वापरला. त्यानं उंचावरून चाळणीतून शिसं खाली पाण्यात पाडायचं पेटंट घेतलं, पडता पडता थेंब आपोआप गोल होतात आणि छर्रे तयार. त्याला गोल हवं होतं, शिशालाही गोलच व्हायचं होतं, संसार सुखाचा झाला. आपल्याला हवे आहेत कोपरे.

मग ढकलतं कोण? रसाचं स्वतःचं वजन. इथे थोडं गणित करू, घाबरू नका, दहावीचंच आहे. कोपऱ्याची गोलाई किती राहील ते ढोबळमानानं पृष्ठताण भागिले दाब. वरती ३ सेंटीमीटर उंचीचा शिशाचा स्तंभ असेल तर उत्तर येतं मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. स्तंभ १ सेंटीमीटरच असेल तर त्याच्या तिप्पट. ओतणाऱ्या धारेचा जोर यात धरलेला नाही, तो मदतच करतो. पण यातून एक गोष्ट लगेच उलगडते. बहुतेक साच्यांत गोळीचं बूड वरच्या बाजूला असतं. म्हणजे सगळ्यात कमी दाब बुडाच्या कडेवर! नवशिक्याच्या गोळीचं बूडच आधी गोल निघतं यात नवल ते काय? त्याला आच वाढवणं हा इलाज नाही. साच्यावरच्या भोकाच्या पट्टीवर, म्हणजे स्प्रू प्लेटवर, रसाचं चांगलं भरघोस टोपण राहू देणं हा इलाज आहे. ते टोपण दाबही देतं, आणि गोठताना शिसं जे आकसतं (आकारमानानं साधारण साडेतीन टक्के) त्याची भरपाईही करतं. कंजूषपणा केला की बुडाला खळगा ठरलेला.

'पण अरे, आच वाढवली की गोळी भरते, मी डोळ्यांनी बघितलंय!' हे काकांचं पेटंट वाक्य. मान्य. भरतेच. रस जास्त गरम म्हणजे तो गोठायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात तो कोपऱ्यापर्यंत पोचतो. माझा आक्षेप हाच आहे की तो सल्ला अधूनमधून लागू पडतो. मेमरी लीक असलेला प्रोग्रॅम रिस्टार्ट केल्यावर चालतोच की. चालला म्हणजे दुरुस्त झाला?

बहुतेक वेळा खरं दुखणं असतं साचा थंड असण्याचं. आपल्याकडे हे कोणत्याही घरात कळतं. पहिलं घावन तव्याला चिकटतं, फाटतं, आणि ते घरातल्या सगळ्यात कमी तक्रार करणाऱ्या माणसाच्या ताटात जातं. त्यावर कोणतीही आई पीठ उकळायला ठेवत नाही. ती तवा तापू देते! गॅरेजातले पन्नास-पन्नास वर्षांचे अनुभवी लोक मात्र पीठ उकळतात.

परत थोडा हिशोब. समजा १० ग्रॅमची गोळी आहे, पिस्तुलाच्या गोळीचं साधारण वजन. सोपं जावं म्हणून शुद्ध शिसं धरू. ते ४०० अंश सेल्सिअसला ओतलं, ३२७ अंशांना गोठलं आणि २०० अंशांपर्यंत निवलं, तर साच्याला मिळणारी उष्णता सुमारे ५०० ज्यूल. आता काकांचं ऐका आणि रस ४५० अंशांवर न्या. प्रत्येक ओतणीमागे जास्तीची उष्णता किती? सुमारे ७० ज्यूल. म्हणजे साधारण १४ टक्के वाढ. आता आच आहे तिथेच ठेवा आणि मिनिटाला दोनाऐवजी तीन वेळा ओता. साच्यात जाणारी उष्णता एकदम ५० टक्क्यांनी वाढली. भांड्याच्या बटणाला हातही न लावता! साचा तापवायचा खरा नियंत्रक भांड्यावरचं बटण नसून आपल्या हाताचा वेग आहे. आम्ही हे करून पाहिलं. आच तीच, मिश्रण तेच, फक्त मी घड्याळ धरून मोठ्यानं आकडे म्हणत होतो आणि काका त्या तालावर ओतत होते. पाच-सहा ओतण्यांनंतर सुरकुत्या गेल्या. काका म्हणाले, 'आज शिसं चांगलं आहे.' असो.

आणि इथेच मला अनुभवी लोकांबद्दलची एक गंमत लक्षात आली. त्यांची गोळी चांगली निघते हे खरं आहे. पण ती ज्या कारणानं निघते ते कारण ते सांगत नाहीत, कारण ते त्यांना दिसतच नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्यांचा हात एका लयीत चालतो, लय साचा गरम ठेवते. नवशिका मात्र प्रत्येक गोळी उचलून उजेडात धरतो, कौतुकानं बघतो, तेवढ्यात साचा थंड होतो. पुढची गोळी सुरकुतलेली, तिलाही तो दोन मिनिटं न्याहाळतो, साचा आणखी थंड! अनुभवी माणूस त्याला म्हणतो, आच वाढव. जे तो करतो ते सांगत नाही, जे सांगतो त्यानं त्याचं स्वतःचं काम चालत नाही. लबाडी नाही यात काही. पण अनुभव आणि अनुभवाचं स्पष्टीकरण या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि दुसरी पहिलीच्या पुण्याईवर खपते.

आता कथील. 'कथिलानं पृष्ठताण कमी होतो' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते पाठ्यपुस्तकात असेल असं वाटावं. पण शुद्ध कथिलाचा पृष्ठताण शिशापेक्षा जास्त असतो, कमी नाही! उपयोग होतो हे निर्विवाद, पण तो वेगळ्या वाटेनं. वितळलेल्या शिशाला हवा लागली की क्षणात ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, दुधावर साय धरते तसा, आणि ती साय कोपऱ्यात शिरू देत नाही. कथील त्या सायीचं स्वरूप बदलतं. आपला कल्हईवाला भांडं तापवून आधी नवसागर का टाकायचा? मळलेल्या, ऑक्साइड धरलेल्या पृष्ठभागावर कथील पसरत नाही म्हणून. पृष्ठभाग स्वच्छ तर पुढचं सगळं, हे ज्ञान त्याच्याकडे होतं आणि त्यानं त्याचं भलतंच शास्त्र सांगितल्याचं मला तरी आठवत नाही.

सायीसाठी दोनेक टक्के कथील बहुतेक कामांना पुरतं. पुढे घालत जाल तसा फायदा आटतो आणि खिसा रिकामा होतो, कारण कथील शिशापेक्षा दहापटीहून महाग. लायमन क्रमांक २ नावाचं प्रसिद्ध मिश्रण आहे, ९० भाग शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी. चांगलंच आहे. पण तिथे कथील आणि अँटिमनी मिळून गोळीला कठीणपणाही देतात, नुसता साचा भरायला ते नाही घातलेलं. जुन्या छापखान्यांच्या लायनोटाइप मशीनच्या धातूत ४ टक्के कथील आणि १२ टक्के अँटिमनी असायचं. ते सुमारे २४० अंशांना वितळायचं आणि अक्षराची बारीकातली बारीक रेघ भरायचं. छपाई ऑफसेटवर गेली तेव्हा तो धातू भंगारात निघाला आणि गोळ्या ओतणाऱ्यांनी तो आनंदानं उचलला. आपल्याकडच्या जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचं नाव ज्या सुबक खिळ्यांमुळे झालं, ते खिळेही याच घराण्यातले, शिसं, कथील आणि अँटिमनीचे. देवनागरीचा रफार आणि उकार साच्यात भरणाऱ्या त्या कारागिरांना बंदुकीच्या गोळीचा कोपरा म्हणजे पोरखेळ वाटला असता.

कथिलाबद्दलची दुसरी अंधश्रद्धा: 'कथील हलकं, ते वर तरंगतं, म्हणून मधून मधून ढवळून परत मिसळावं.' चहात साखर विरघळली की ती कपाच्या तळाशी परत जाऊन बसते का? वितळलेल्या शिशात कथील विरघळलेलं असतं, ते वेगळं होऊन वर येत नाही. वर दिसतो तो ऑक्साइडचा राखाडी थर. त्यात कथिलाचा वाटा जास्त असतो, कारण कथील शिशाच्या आधी हवेशी संसार मांडतं. या गैरसमजातून लोक दोन उलट चुका करतात. काही जण 'हे कथीलच आहे' म्हणून नुसतंच ढवळत बसतात, आणि ऑक्साइड ढवळल्यानं धातू होत नाही. काही जण 'मळ आहे' म्हणून दर दहा मिनिटांनी काढून फेकतात, आणि महागाचं कथील कचऱ्यात घालवतात. मेणाचा तुकडा किंवा लाकडाचा भुसा टाकून कोरड्या लाकडी काठीनं ढवळलं तर त्यातला कार्बन ऑक्साइडमधून बराच धातू परत मिळवून देतो. हे ढवळणं बरोबर, पण त्याचं कारण वेगळं.

आता या दोन रामबाण उपायांची जोडी लावून बघा. आच वाढवली की ऑक्सिडेशन वाढतं, त्यात आधी जळतं कथील. म्हणजे पहिला उपाय दुसऱ्या उपायाला खातो! मग साचा पुन्हा भरेना म्हणून आणखी कथील, ते टिकेना म्हणून... पॅचवर पॅच मारलेला कोड बघितलाय ना? तेच.

तिसरं नुकसान जस्ताचं. गोळ्यांचं शिसं बरेच लोक मोटारीच्या चाकांच्या वजनांतून काढतात. पूर्वी ती वजनं शिशाची असत. युरोपीय संघानं २००५ मध्ये मोटारींसाठी शिशाच्या वजनांवर बंदी आणली, कॅलिफोर्नियानं २०१० पासून. त्यामुळे आता भंगाराच्या बादलीत पोलादाची आणि जस्ताची वजनंही सापडतात. जस्त वितळतं ४१९ अंशांच्या पुढे. भंगार वितळवताना आच त्याच्या बरीच खाली ठेवली तर जस्ताचे तुकडे वर तरंगतात, चिमट्यानं उचलून बाजूला टाकता येतात. आच वाढवली की ते मुकाट्यानं मिसळतात, रस लापशीसारखा होतो, साचे भरेनासे होतात. आणि त्यावर सल्ला काय? बरोबर. आच वाढव.

मग करायचं काय? लक्षण बघायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एवढंच. मी वहीत जे लिहिलंय त्याचा सारांश देतो.

सगळं अंग सुरकुतलेलं, आणि पहिल्या आठ-दहा गोळ्यांत: साचा थंड. ओतत राहा, गोळ्या परत भांड्यात टाका, वेग वाढवा. त्या काळात एकही गोळी बघू नका.

साचा गरम झाला तरी सुरकुत्या त्याच जागी: तेल. नवा साचा गंज लागू नये म्हणून तेल लावून येतो. गरम पाणी, भांडी घासायचा साबण, जुना ब्रश, आणि मग पूर्ण वाळवणं. 'पूर्ण' या शब्दावर जोर. पाण्याची वाफ होताना आकारमान सोळाशेपटीहून जास्त वाढतं. रसाच्या पृष्ठभागाखाली एक थेंब गेला तरी भांड्यातलं शिसं छतापर्यंत उडतं. गॉगल, पूर्ण बाह्या, बंद बूट यावर चर्चा नाही.

अंग गुळगुळीत, मधल्या कडा गोल: आधी हवा कुठून बाहेर जाते ते बघा. साच्याच्या दोन्ही ठोकळ्यांवर आतून बारीक रेघा कोरलेल्या असतात, त्या शोभेच्या नाहीत, हवा जायच्या वाटा आहेत. त्यात काजळी, शिशाचा पापुद्रा, जळकं तेल बसतं. मेणबत्तीची काजळी साच्याला धरायचा जुना उपाय आहे, त्यानं उष्णता सावकाश जाते आणि थोडा फायदा दिसतोही. पण प्रत्येक वेळी नवा थर द्याल तर एक दिवस ज्या रेघांतून हवा जायची त्याच बुजतील.

फक्त बुडाची कड अर्धवट: स्प्रू प्लेट जास्त आवळलेली. ती स्वतःच्या वजनानं हलेल इतपत सैल हवी, म्हणजे तिच्याखालून हवा निसटते. शिवाय धार भोकाच्या मध्यावर पडतेय का, आणि टोपण भरघोस आहे का, ते बघा.

बाहेरून सुंदर, पण वजन कमी: आत पोकळी. डोळ्यांना दिसणार नाही, काट्याला दिसेल. म्हणून तोलायचं.

सगळीकडे दुधी, खरबरीत: साचा जास्त तापलाय. थोडा दम घ्या. नुसतं दुधी असणं हा दोषही नाही, कडा भरल्या असतील तर ती गोळी चांगली.

यातलं सगळं ठीक असेल, तरच आच आणि कथील. आणि आच म्हणजे अंश सेल्सिअस. अनेक भांड्यांच्या बटणावर १, २, ३ असे नुसते आकडे असतात, ते तापमान नाही. 'मी सातवर ठेवतो' याला माहिती म्हणत नाहीत.

यावर येणारा हमखास आक्षेप मला ठाऊक आहे. 'एवढं कशाला? छंद आहे, प्रयोगशाळा नाही. चार गोळ्या बिघडल्या तर परत वितळवू.' छंदात गणित आणू नये, मजा जाते, वगैरे. माझ्या मते या आक्षेपाला सगळ्यात सडेतोड उत्तर गोळीत नाही, जमिनीवर आहे.

शिशाचा उत्कलनबिंदू १७४९ अंश सेल्सिअस. ४०० अंशांना त्याची वाफ नगण्य. हे बरोबर आहे, आणि गॅरेजातले लोक हे छातीठोकपणे सांगतात: 'वाफच होत नाही, मग धोका कसला?' वाफ होत नाही म्हणून धोका नाही, हा निष्कर्ष मात्र साफ चुकीचा. धोका त्या राखाडी थराचा आहे. तो कोरडा असतो, भुकटीसारखा असतो, चमच्यानं काढताना उडतो, बाकावर बसतो, बुटांच्या तळव्याला लागतो, आणि बूट घरात जातात. घरात जमिनीवर रांगणारं मूल असेल तर ते हात चाटतं. शिशाचा परिणाम लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होतो, आणि मुलांच्या रक्तातल्या शिशाची एकही पातळी सुरक्षित मानली जात नाही. अमेरिकेच्या सीडीसीनं २०२१ मध्ये मुलांसाठीची संदर्भ पातळी डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमवरून ३.५ वर आणली. मायक्रोग्रॅम! ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आपण किलोनं वितळवतोय.

आता ओळ जोडून बघा. निदान चुकलं, आच वाढवली. आच वाढली, राखाडी थर वाढला. थर वाढला, जास्त वेळा काढला. जास्त वेळा काढला, जास्त भुकटी उडाली. 'छंदात एवढं कशाला' म्हणणारा माणूस नकळत असं म्हणत असतो की माझ्या आळसाचं बिल नातवानं भरावं. मी हे काकांच्या तोंडावर बोललो आहे, कारण त्यांना नातू आहे आणि तो गॅरेजच्या दाराशी येऊन उभा राहतो. त्या दिवसापासून गॅरेजात वेगळे बूट आहेत, झाकणाचा डबा आहे, खाणंपिणं बंद आहे, आणि हात धुतल्याशिवाय घराचं दार उघडत नाही. काकांनी स्वतःच्या रक्ताची तपासणीही करून घेतली. आच मात्र अजून थोडी चढीच असते, पण ते चालायचंच, जुनी सिस्टीम आहे, मायग्रेशनला वेळ लागतो.

मोजणं म्हणजे अनुभवाचा अपमान, असं आपल्यालाही वाटतं बरं का, फक्त गॅरेजवाल्यांना नाही. आपल्या धंद्यात पंधरा वर्षं घालवलेला सिनिअर 'मेमरी वाढवा' म्हणतो, मेमरी वाढते, सिस्टीम तीन महिने चालते, त्याचं कौतुक होतं, आणि खरा बग तिथेच बसून वाढत राहतो. त्याला 'लॉग दाखवा' असं विचारणारा पोरगा उद्धट ठरतो. फरक एवढाच की आपल्याकडे किंमत सर्व्हरच्या भाड्यात मोजली जाते, आणि त्या गॅरेजात मायक्रोग्रॅममध्ये.

म्हणून माझी विनंती साधी आहे. पुढच्या वेळी कोणी तुम्हाला 'आच वाढव' म्हणालं, गॅरेजात असो की मीटिंगमध्ये, तर भांडू नका. फक्त तीन प्रश्न विचारा: आत्ता किती आहे? किती करू? आणि नाही जमलं तर परत किती खाली आणू? पहिल्याचंच उत्तर नसेल तर बटणाला हात लावू नका. आधी तवा तापलाय का ते बघा.